जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं नेमकं काय म्हातारं होतं?

गेल्या चवथीला भाची म्हापशाहून आली ती पिशवी ओसरीवर टाकून थेट माझ्या कपाटाशी गेली. "मामा, तुमचा तो चंदेरी कॅमेरा आहे ना अजून? टाकला नाहीत ना?"

टाकला नव्हता. २००७ साली घेतलेला सात मेगापिक्सेलचा, तळहातावर मावणारा कॅमेरा चामड्याच्या पाकिटात घालून वरच्या फळीवर ठेवला होता आणि विसरून गेलो होतो. हल्ली कॉलेजच्या मुलामुलींना म्हणे असेच कॅमेरे हवे असतात. आपण भंगारात काढायला निघालो होतो त्या वस्तू ही मंडळी जुन्या बाजारातून पैसे मोजून आणतात. भाचीने बॅटरी चार्ज केली, देवघरात गेली, माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचे, दहा-बारा फोटो काढले आणि तोंड पाडून बाहेर आली. "काहीच नीट येत नाही. म्हातारा झालाय तुमचा कॅमेरा."

हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. पण डिजिटल कॅमेऱ्यात म्हातारं होतं तरी काय? फिल्मच्या कॅमेऱ्यात फिल्म शिळी व्हायची, ते समजू शकतो. इथे तर आत सिलिकॉनची चकती आणि पुढे काच. घरी बसून मी त्याच कॅमेऱ्याने पुन्हा फोटो काढले, काही बिघडवले, काही जमले. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी व्हॉट्सॲपला बाजूला करा

भाचीने ते फोटो कार्डावरून मोबाइलमध्ये घेऊन मला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि "बघा किती वाईट" म्हणाली. मी जे पाहिलं ते कॅमेऱ्याचं काम नव्हतंच. असे ॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतात आणि बारकावे दाबून टाकतात. तोच फोटो कार्ड रीडर लावून संगणकावर उघडला तेव्हा केळीच्या घडावरचे काळे ठिपकेसुद्धा दिसले. फोटो पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी जाते. मोबाइलवरच पाहून कॅमेऱ्याला दोष देणारे निम्मे लोक इथेच गप्प होतील.

उरलेल्या निम्म्यांसाठी पुढचं.

कॅमेऱ्याच्या आत काय चालतं

भिंगातून आलेला प्रकाश एका चकतीवर पडतो, तिला सेन्सर म्हणतात. त्यावर लाखो सूक्ष्म खड्डे असतात. प्रत्येक खड्डा म्हणजे एक पिक्सेल, आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. खड्ड्यात जितका प्रकाश साठेल तितका तो ठिपका उजळ.

खड्ड्याला रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. म्हणून प्रत्येकावर लाल, हिरवी किंवा निळी अशी इवलीशी काच बसवलेली असते: चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. कोडॅकमधले ब्राइस बेयर यांनी ही मांडणी काढली, तिचं पेटंट १९७६चं. उरलेले रंग कॅमेरा शेजारच्या खड्ड्यांवरून अंदाजाने भरतो. म्हणजे प्रत्येक डिजिटल फोटोत दोन तृतीयांश रंग हा हिशेबाने काढलेला असतो. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यातही आणि शेजाऱ्याच्या लाखभराच्या मोबाइलमध्येही.

त्याच कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्यात पिक्सेल होते जेमतेम दहा हजार, वजन साडेतीन किलोच्या वर आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायची. त्याच्यापुढे माझा २००७चा चंदेरी कॅमेरा अगदीच तरुण.

सात मेगापिक्सेल कमी पडतात का?

हिशेब करून पाहू. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ३०७२ बाय २३०४ ठिपक्यांचा. छापताना एका इंचात ३०० ठिपके धरले, आणि हे चांगल्या छपाईचं माप आहे, तर जवळजवळ दहा बाय पावणेआठ इंचांचा फोटो स्वच्छ निघतो. भिंतीवर लावतो तो फोटो आपण हातभर लांबून पाहतो, तिथे २०० ठिपकेही चालतात, म्हणजे पंधरा बाय साडेअकरा इंच. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर एकूण ठिपके असतात साधारण २१ लाख. तुमच्याकडे त्याच्या तिपटीहून जास्त आहेत.

तेव्हा घरगुती कामाला मेगापिक्सेल पुरतात. अडतं ते दुसरीकडेच.

पहिल्या पावसातलं अंगण

जूनमधला पहिला शिंतोडा आठवा. कोरड्या अंगणात टपोरे थेंब पडतात तेव्हा एक फरशी भिजते, शेजारची कोरडी राहते. सगळं अंगण ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. पाऊस एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी पडायचं ठरवून येत नाही, थेंबच थोडे असतात. दहा मिनिटं धरून पडला की अंगण एकसारखं ओलं.

प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो, त्या थेंबांना फोटॉन म्हणतात. अंधाऱ्या खोलीत एका खड्ड्यात सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर कुठे ९० तर कुठे ११० पडतात. दहा टक्क्यांचा फरक. सपाट भिंत त्यामुळे रवाळ दिसते. हा रवाळपणा म्हणजे 'नॉइज'. उजेडात त्याच खड्ड्यात १०,००० फोटॉन पडले तर फरक १०० इकडेतिकडे, म्हणजे एकच टक्का. तो डोळ्याला जाणवत नाही.

आता माझ्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर किती? पावणेसहा बाय सव्वाचार मिलिमीटर. तुरीच्या डाळीएवढ्या जागेत सत्तर लाख खड्डे. जुन्या डीएसएलआरचा, म्हणजे भिंग बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ बाय १५ मिलिमीटर, टपाल तिकिटाच्या जवळपास. क्षेत्रफळात तेरापट. पावसात वाटी ठेवणं आणि घंगाळ ठेवणं यांत जो फरक, तोच हा. म्हणून पंधरा-वीस वर्षांचा डीएसएलआर आजही लाजत नाही, आणि खिशातला कॅमेरा भर दुपारी छान फोटो देऊन संध्याकाळी हात टेकतो.

तो संध्याकाळी हात २००७ सालीही टेकत होता. तेव्हा आपण तुलना करायला दुसरं काही पाहिलं नव्हतं, इतकंच. सेन्सर उन्हातान्हात वर्षं काढतो तेव्हा त्यात काही पिक्सेल मरतात किंवा अडकतात, आणि काळोख्या फोटोत एखादा लाल किंवा पांढरा ठिपका कायम त्याच जागी दिसतो. काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत 'पिक्सेल मॅपिंग' असतं, ते एकदा चालवलं की हे ठिपके शेजाऱ्यांच्या रंगाने झाकले जातात. एवढं सोडलं तर सेन्सर बहुतेक वेळा पहिल्या दिवशी पाहायचा तसाच आजही पाहतो.

मग मोबाइलचा फोटो इतका बरा कसा?

मोबाइल एक फोटो काढतच नाही म्हणून. बटण दाबल्यावर तो पटापट अनेक फोटो घेतो, एकावर एक बसवतो, त्यांची सरासरी काढतो, सावल्या उजळतो, आभाळ दाबतो आणि आपल्याला शिजवलेलं पान वाढतो. अंगणात चार शिंतोड्यांची बेरीज केल्यासारखं. शिवाय अलीकडच्या चांगल्या मोबाइलचे सेन्सर माझ्या चंदेरी कॅमेऱ्याहून मोठे असतात, हेही मान्य करायला हवं.

जुना कॅमेरा ही स्वयंपाकघरातली कामं करत नाही. ती आपण करायची. आणि करता येतात, हे मला माटोळीने दाखवलं.

माटोळीचा फोटो

आमच्या देवघराला एकच खिडकी, तीही गणपतीच्या मागे डावीकडे. बाहेर चवथीचा पाऊस. आत एक ट्यूबलाइट, एक पिवळा बल्ब आणि भाच्याने मखराला गुंडाळलेली लुकलुकणारी एलईडीची माळ. वर माटोळीला सुपारीचे कातरे, केळीचा घड, चिबूड, तोरिंगं, आंबाडे, केशरी कांगलां. डोळ्याला हे सगळं एकदम दिसतं. कॅमेऱ्याला दिसत नाही.

भाचीचा पहिला फोटो फ्लॅशने काढलेला. मूर्तीच्या सोंडेवर पांढरा चट्टा, मागच्या भिंतीवर माटोळीची भुतासारखी सावली आणि कांगलां फिकट. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पलीकडे पोचत नाही आणि जवळच्या वस्तूला थोबाडीत मारल्यासारखा उजेड देतो. म्हणून पहिलं काम, फ्लॅश बंद.

फ्लॅश बंद केला की कॅमेरा घाबरतो आणि आयएसओ वाढवतो. आयएसओ म्हणजे आलेला इशारा किती मोठा करून दाखवायचा त्याचा आकडा. रेडिओ स्टेशन नीट लागत नसताना आवाज वाढवला तर गाण्यासोबत खरखरही वाढते, तसंच. आपोआपवर ठेवल्यावर माझ्या कॅमेऱ्याने आयएसओ ४०० घेतला आणि शटर, म्हणजे प्रकाश आत घेणारं दार, सेकंदाचा चाळिसावा भाग उघडं ठेवलं. भिंत रवाळ आली.

मी आयएसओ हाताने ८० वर आणला. पाचपट कमी. तेव्हा दार पाचपट जास्त वेळ उघडं राहायला हवं, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. एवढा वेळ हातात धरला तर कॅमेरा हलतोच, माझा तर नक्कीच. म्हणून पाटावर दोन पोथ्या ठेवल्या, त्यावर कॅमेरा, आणि दोन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही नको. ट्रायपॉड असता तर पोथ्या वाचल्या असत्या. पण फरक असा पडला की भाची पाटावर वाकून बघत राहिली.

तरी रंग विचित्रच. खिडकीतला पावसाळी उजेड निळसर, बल्ब पिवळा, ट्यूब जरा हिरवट आणि माळेचा रंग तर दर सेकंदाला वेगळा. आपला मेंदू ही सगळी गडबड आपोआप सावरतो, कॅमेऱ्याला एकच पांढरा ठरवावा लागतो. त्या ठरवण्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. तीन प्रकारच्या उजेडातला कुठला पांढरा धरायचा हे त्याला कसं कळणार? मी ट्यूब आणि माळ बंद केली, बल्बही विझवला आणि फक्त खिडकी ठेवली. (माळ बंद केल्याबद्दल भाचा दुपारभर बोलला नाही.) मग मेन्यूतल्या 'कस्टम' पर्यायात जाऊन मूर्तीच्या जागी कोरा कागद धरून कॅमेऱ्याला सांगितलं, हा पांढरा. आधी मी भटजींचा पंचा धरला होता, तर फोटो पिवळा आला. पंच्याला नीळ दिलेली होती. कॅमेऱ्याने निळसर कापडालाच पांढरं मानलं आणि बाकी सगळं पिवळ्याकडे ढकललं.

आणखी एक. भाची मागे उभी राहून झूम करत होती. अशा कॅमेऱ्यांत झूम वाढवला की भिंगाचं तोंड लहान होतं. माझ्या कॅमेऱ्यात ते एफ २.८ वरून एफ ४.९ वर जातं (हा आकडा वाढला की तोंड लहान), म्हणजे प्रकाश तिसऱ्या हिश्शावर येतो. दोन पावलं पुढे जा, झूम पुरता मागे घे, एवढं सांगितलं. डिजिटल झूम तर कायमचा बंद करून टाका. तो फोटो कापून फुगवतो, दुसरं काही नाही.

शेवटी मोबाइलची युक्ती आपल्या हाताने. कॅमेरा न हलवता चार फोटो काढले. संगणकावर गिंप नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात ते चार थर म्हणून एकावर एक ठेवले. खालचा पूर्ण, दुसऱ्याची पारदर्शकता अशी की तो ५० टक्के दिसेल, तिसरा ३३, चौथा २५. झाली सरासरी. चार फोटोंत रवाळपणा निम्मा होतो, सोळांत पाव. चालत्याबोलत्या माणसांना हे जमत नाही, पण गणपती हलत नाही. चिबडावरच्या रेषा आणि कातऱ्याच्या एकेक सुपारीची कड दिसायला लागली तेव्हा मलाच खरं वाटेना.

कॅमेऱ्याला सगळं करडं दिसतं

उजेड भरपूर असूनही फोटो फसतात, त्याचं कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर. समोर जे काही आहे ते मध्यम करडं आहे असं धरूनच तो दार किती उघडायचं ठरवतो. पणजीच्या पायऱ्यांवरचं पांढरंशुभ्र चर्च चौकटीत भरून घ्या, कॅमेरा त्याला करडं करून टाकतो. तांबडी सुर्लाचं कदंबकाळातलं काळ्या दगडाचं देऊळ तसंच भरून घ्या, तर तेही करडं करण्याच्या नादात दगड फिका पडतो. दोन्हीकडे चूक एकच, दिशा उलट.

यासाठी अधिक-उणेचं बटण असतं, बहुतेक लोक त्याला कधी हात लावत नाहीत. चर्चला अधिक एक, देवळाला उणे एक, आणि पुन्हा काढून बघा. जर पांढरी वस्तू चौकटीत थोडीशीच असेल आणि भोवती काळोख, तर मात्र उणे करा. जुन्या सेन्सरमध्ये एकदा खड्डा काठोकाठ भरला की वरचं पाणी वाहून जातं, आभाळाचा पांढरा कपटा होतो, आणि तो नंतर कुठल्याही प्रोग्रॅमने परत येत नाही. काळोख थोडाफार उजळता येतो.

शिजलेलं हुमण आणि कच्चा माल

कॅमेरा आपल्याला फोटो देतो तो जेपेग नावाच्या रूपात, म्हणजे रंग, धार, तेज सगळं ठरवून, दाबून लहान केलेला. शिजलेलं हुमण, म्हणजे माशांची आमटी. मीठ जास्त झालं तर फार काही करता येत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. सेन्सरने टिपलेला कच्चा माल, त्याला रॉ म्हणतात, १२ बिटांचा असेल तर त्यात ४०९६ पायऱ्या. रंग चुकला, सावली काळी झाली तरी नंतर सुधारायला भरपूर वाव.

जवळजवळ सगळे डीएसएलआर रॉ देतात, ते लगेच सुरू करा. आणि हा जुन्या कॅमेऱ्यासाठी खरा लाभ आहे: रॉ शिजवणारे प्रोग्रॅम दर वर्षी सुधारतात. २००८चा कच्चा माल आजच्या डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये, दोन्ही मोफत, उघडला तर तेव्हा कॅमेऱ्याने दिला होता त्याहून स्वच्छ फोटो निघतो. कॅमेरा तोच, आचारी बदलला.

खिशातले बहुतेक कॅमेरे रॉ देत नाहीत. कॅननच्या काही जुन्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी सीएचडीके नावाचं हौशी लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर आहे, ते कार्डावरून चालतं, मूळ प्रोग्रॅम पुसत नाही आणि रॉ मिळवून देतं. कंपनीचं नव्हे, तेव्हा जबाबदारी आपली. ते नको असेल तर मेन्यूत सगळ्यात मोठा आकार, सगळ्यात बारीक दर्जा निवडा, आणि धार व कॉन्ट्रास्ट एक पायरी खाली आणा. मीठ कमी घालून वाढलेलं बरं, ताटात घेता येतं.

गोव्यात खरा शत्रू वेगळाच

आता खरोखरच म्हातारं काय होतं त्याकडे येऊ. भिंग. आणि त्याला म्हातारं करते ती आपली हवा.

पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. चपलांवर, पट्ट्यांवर, लग्नाच्या शालूवर जी बुरशी येते तीच भिंगाच्या काचांवर येते, आणि काचांच्या मधेही. एक प्रयोग करा. भिंगाच्या समोरून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा आणि आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. धूसर पडदा दिसला तर ओल किंवा वंगणाची वाफ. दोन्हींमुळे फोटो फिका, दुधाळ येतो, विशेषतः उजेड समोर असताना. लोक त्यालाच 'सेन्सर जुना झाला' म्हणतात.

माझ्या कॅमेऱ्यात कडेला दोन तंतू निघाले. दोष माझाच. चामड्याचं पाकीट ओल धरून ठेवतं आणि मी त्याला त्यातच कोंडून, काळोखात, वर्षानुवर्षं ठेवलेलं. बुरशीला आणखी काय हवं? डीएसएलआरचं भिंग सुरुवातीलाच कुशल माणसाकडे दिलं तर साफ होतं. उशीर झाला तर बुरशी काचेवरचा लेप खाते, तो परत येत नाही. छोट्या कॅमेऱ्याचं भिंग उघडायची मजुरी कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त होते, तिथे मी नाद सोडला.

उपाय महागडा नाही. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि काहीशे रुपयांना मिळणारं आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. अगदी कोरडंठाक करू नका, आतलं वंगण आणि रबर सुकतं. रंग बदलणारे दाणे ओले झाले की तापवून पुन्हा वापरता येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. नारिंगी दाणे घेतलेले बरे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. तांदळाची पूड भिंगाच्या दांड्यात जाते आणि ओल काही फारशी कमी होत नाही.

मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊन आलात की काचेवर खारट थर बसतोच. रुमालाने किंवा पदराने पुसू नका, वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मायक्रोफायबरचा स्वच्छ तुकडा, आणि द्रव वापरायचा तर थेंब कापडावर, भिंगावर नाही. बोटाचा तेलकट ठसा असलेलं भिंग पुसून त्याच जागेवरून दुसरा फोटो काढा. कित्येकदा 'कॅमेरा सुधारला' असं तिथेच वाटतं. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, बर्फाच्या पेल्यावर यावं तसं पाणी त्याच्यावर येतं. पिशवीतच वीस-पंचवीस मिनिटं राहू द्या.

उष्ण दमट हवेने सेन्सरही गेल्याची एक मोठी गोष्ट घडली होती. २००५मध्ये अनेक नामांकित कंपन्यांना जाहीर करावं लागलं की ठरावीक काळात बनलेल्या सेन्सरचे आतले जोड अशा हवेत निकामी होऊ शकतात. त्या कॅमेऱ्यांचे फोटो जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे किंवा साफ काळे यायचे. त्या सुमाराच्या तुमच्या कॅमेऱ्यात असं दिसत असेल तर त्यावर घरी काही इलाज नाही.

"पण जुन्या सीसीडीचे रंगच वेगळे!"

भाचीच्या मित्रमंडळात हे वेदवाक्य आहे. सीसीडी हा सेन्सरचा जुना प्रकार, १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी काढला, त्यासाठी त्यांना २००९चं नोबेल मिळालं. त्यात खड्ड्यांतला विद्युतभार रांगेत एकाकडून दुसऱ्याकडे सरकवत टोकाला मोजतात. स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात जातात तसा. आजच्या सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक खड्ड्याशी स्वतःचं मोजणारं यंत्र असतं, म्हणून तो वेगवान.

रंगांचं म्हणाल, तर खड्डा कुठल्याही पद्धतीने रिकामा केला तरी त्याला रंग कळतच नाही. रंग ठरतो वरच्या काचांवरून आणि आचाऱ्यावरून. त्या काळच्या कंपन्यांनी भडक, गोडसर रंग पसंत केले, सावल्या काळ्या राहू दिल्या. तरुणांना आवडतो तो हा स्वभाव. आवडू दे की. पण त्यासाठी सीसीडी म्हणून दुप्पट पैसे मोजू नका. सीसीडीचा एक खास अवगुण मात्र आहे: सूर्यास्त टिपताना छोट्या पडद्यावर सूर्यातून वरखाली जाणारी उभी रेघ दिसते. ती बिघाड नाही, घमेल्यांची सांडलवंड आहे.

"एआयने सुधारून घेतलं तर?"

रवाळपणा काढायला हे प्रोग्रॅम खरंच चांगले. पण फोटो मोठा करायला सांगितलं की जे दिसत नाही ते हे बनवून भरतात. माझ्या आजीचा एक धूसर फोटो मी असा मोठा करून पाहिला. त्वचा नितळ झाली, पापण्या आल्या, आणि चेहरा कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचा झाला. देवळातला शिलालेख असा सुधारायला गेलात तर अक्षरं येतील, पण ती दगडावरची असतीलच असं नाही. मूळ फाइल नेहमी वेगळी ठेवा.

कार्ड, बॅटरी आणि इतर किरकोळ

२००६च्या आधीचे बरेच कॅमेरे दोन जीबीहून मोठं एसडी कार्ड ओळखतच नाहीत. 'कार्ड एरर' आलं म्हणजे कॅमेरा गेला असं नाही, जुनं छोटं कार्ड घालून बघा आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. बॅटरी फुगली असेल तर लगेच बाहेर काढा, कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर नशीबवान आहात, रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड (NiMH) सेल घाला, वर्षानुवर्षं चालेल.

आणि काही कामं त्याच्याकडून मागूच नका. दिवाळीच्या पहाटेचे नरकासुराचे पुतळे, शिगम्याच्या रात्रीचा रोमटामेळ म्हणजे नाचत-वाजवत जाणारी मिरवणूक, धावणारी पोरं. तिथे उजेड कमी आणि हालचाल जास्त, सरासरीची युक्तीही चालत नाही. सरळ मोबाइल काढा.

सात फेब्रुवारी असो की चवथ, माझ्या कॅमेऱ्यात मात्र आता रोज १ जानेवारी २००७ असते. आतली घड्याळाची इवली बॅटरी मेली आहे, मुख्य बॅटरी काढली की तारीख मूळपदावर. तारीख लावून घेतली नाही तर संगणकावर सगळे फोटो एकाच दिवसाखाली गोळा होतात, तेव्हा प्रत्येक वेळी लावत जा, असं मी भाचीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कॅमेरा म्हापशाला घेऊन गेली. परवा तिने माटोळीचा तो चार थरांचा फोटो फ्रेम करून पाठवला. खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापलेलं आहे: ०१-०१-२००७. तेव्हा ती जेमतेम एक वर्षाची होती.

"ते राहू दे मामा," म्हणाली, "मुद्दाम ठेवलंय."